पत्र्याचा डबा आणि उस्तादांचा डावा हात

मित्रांनो, टेबलाखाली पाय लांब केलेत की तुमचा अंगठा ज्याच्यावर आपटतो, तो मी. कॉम्प्युटरचा जुना कॅबिनेट. लोक मला डबा म्हणतात. मी रागावत नाही, कारण मी आहेच डबा: काळा, चौकोनी आणि जाड पत्र्याचा. कॉम्प्युटर म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर पडदा येतो, फार तर माऊस येतो. डोके चालवणारा प्रोसेसर आणि चित्रे रंगवणारे ग्राफिक्स कार्ड यांना पोटात घेऊन जो बसतो, त्याचे नाव कोणी काढत नाही. म्हणून म्हटले, आपली गोष्ट आता आपणच सांगावी.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. एका यंत्राने एकाच दणक्यात माझी पाठ वाकवली, दुसऱ्याने अंगाला भोके पाडली आणि रंगाच्या भट्टीतून मी काळा कुळकुळीत होऊन बाहेर आलो. शेवटी एक कामगार बाई प्रत्येक डब्याच्या कडेवरून हात फिरवी आणि कुठे धार राहिली असेल तर कानशीने घासून काढी. ज्या डब्याने कोणाचे बोट कापले तो आपला नव्हेच, असे ती शेजारणीला सांगत असे. तिचा तो हात अजून माझ्या लक्षात आहे. तो घाईचा होता, पण निष्काळजी नव्हता.

पहिली नोकरी मला दातांच्या दवाखान्यात लागली. मी बाहेरच्या टेबलाखाली बसून रुग्णांची नावे सांभाळत असे. आतून यंत्राची घरघर ऐकू आली की बाहेर बसलेले लोक घट्ट तोंड मिटून घेत. तिथली पहिली मदतनीस मला रोज मऊ फडक्याने पुसायची. पुढे ती दुसरीकडे गेली आणि तिच्या जागी आलेल्या बाईंना पाय ठेवायला काहीतरी हवेच होते. मग माझ्या डोक्यावर चपला आल्या, बाजूला ओली छत्री टेकली आणि नाकातोंडात धुळीचे बोळे बसले. माझा श्वास कोंडला तसा आतला कॉम्प्युटर रडतखडत चालू लागला. एक दिवस तो बंदच पडला. माझ्या पोटातले सगळे काढून घेऊन मला जिन्याखाली ठेवले गेले. तिथून एका कॉम्प्युटर दुकानदाराने मला भंगाराच्या भावात उचलले आणि दुकानातल्या सर्वांत वरच्या फळीवर चढवले.

त्या फळीवरून खाली पाहणे म्हणजे शिक्षाच होती. खाली काचेचे नवे कॅबिनेट ओळीने उभे असत. त्यांच्या पोटात लाल, हिरवे, जांभळे दिवे फिरत. गिऱ्हाईक आले की थेट त्यांच्यापुढे जाऊन उभे राही. माझी किंमत चुकून कोणी विचारलीच, तर दुकानदार आधी हसे आणि मग सांगे.

अशा वेळी एका सकाळी दुकानात उस्ताद आले.

उस्ताद म्हणजे लांब पल्ल्याच्या बसचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांच्या हाताखाली इतकी पोरे गाडी शिकली की साऱ्या डेपोत त्यांना याच नावाने ओळखत. त्यांच्याबरोबर त्यांची कॉलेजात जाणारी नात होती. ती झोपेतसुद्धा बोलते असे घरचे म्हणत, म्हणून तिला मिठू हे नाव पडले होते. त्या दिवशीही दुकानाच्या पायरीपासून तिची बडबड सुरू होती आणि त्या बडबडीतूनच मला त्यांची हकिकत कळली.

मागच्या वर्षी उस्तादांच्या डाव्या अंगावरून वारे गेले होते. पाय पूर्ववत झाला, बोलणे सुधारले, पण डावा हात रुसून बसला तो बसलाच. त्या हाताने गरम चहाचा कप दोनदा सोडला. मुलगा तसा मायेचा, पण त्या चहाने तो पुरता हबकला होता. त्याने वडिलांना आंघोळ घालायला, कपडे चढवायला आणि घास भरवायला एक माणूस ठरवून टाकला. तो माणूस पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून यायचा होता. उस्तादांनी मुलाला साफ सांगितले होते, "माझ्या शर्टाची बटणं दुसऱ्यानं लावायची वेळ आली, तर मी शर्ट घालणंच सोडीन."

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी दाबायला एक मऊ चेंडू दिला होता. उस्तादांनी तो शेजारच्या लहान मुलाला देऊन टाकला. तेव्हा बाईंनी सांगितले की चेंडू नको तर नको, पण जिवाला आवडेल असे दोन्ही हातांचे काहीतरी काम शोधा. मिठूने लगेच उपाय काढला. बस चालवायचा गेम, त्याला जोडायचे खरे स्टिअरिंग, पायाखाली क्लच आणि डाव्या हाताला गिअरचा दांडा. पण तो गेम ओढायला घरचा जुना कॉम्प्युटर पुरला नसता. नवा जोडावा लागणार होता. मुलाने विचारले, हे सगळे जोडून कोण देणार?

"मी जोडणार," उस्ताद म्हणाले. "पहिल्या स्क्रूपासून शेवटच्या स्क्रूपर्यंत. पहिल्या तारखेच्या आत मशीन चालू झालं, तर तुझा तो माणूस येणार नाही. नाही झालं, तर येऊ दे. मी ब्रसुद्धा काढणार नाही."

मुलगा कबूल झाला. मला वाटते, तो नाही म्हणू शकला नाही इतकेच.

तर मित्रांनो, पैसे मोजके होते आणि त्यातला मोठा घास स्टिअरिंगनेच घेतला होता. उरलेल्या पैशांत अख्खा कॉम्प्युटर बसवायचा होता. उस्तादांनी काउंटरवर उजवा हात ठेवला आणि सगळ्यांत दणकट प्रोसेसर मागितला. त्यांच्या मते आधी इंजिन बघायचे, बाकी मागाहून. मिठूने कपाळाला हात लावला. गेममध्ये चित्रांचे सारे ओझे ग्राफिक्स कार्ड ओढते. प्रोसेसर पहिलवान आणि कार्ड मरतुकडे घेतले तर गाडी जागची हलणार नाही, असे ती पोटतिडकीने सांगत राहिली. दोघे बराच वेळ हुज्जत घालत होते. दुकानदाराने तेवढ्यात आणखी दोन गिऱ्हाइकांना वाटेला लावले.

"म्हणजे इंजिन ट्रकचं आणि टायर सायकलचे," शेवटी उस्ताद म्हणाले.

"तेच तर मघापासून सांगतेय, आजोबा."

प्रोसेसर मग मधल्या ताकदीचा घेतला, तोही खोक्याशिवाय आणि पंख्याशिवाय स्वस्तात मिळाला म्हणून. त्याला थंड ठेवणारा कूलर वेगळा घेतला: वर उंच पत्र्यांचा मनोरा आणि त्याला लावलेला पंखा. मेमरीची एक मोठी पट्टी घेण्याऐवजी दोन लहान घेतल्या, कारण जोडीने काम लवकर होते असे मिठूचे म्हणणे. पॉवर सप्लाय दाखवताना दुकानदाराने चमचमीत लेबलाचा, अगदीच स्वस्त नमुना पुढे केला. मिठू नाही म्हणायच्या आतच उस्तादांनी तो परत सरकवला. बसच्या ब्रेकमध्ये कधी काटकसर केली नाही, आता विजेच्या बाबतीत करणार नाही, असे म्हणून त्यांनी नावाजलेला घेतला आणि त्यापायी नवा कीबोर्ड रद्द केला.

कार्ड मात्र जुनेच घ्यावे लागले. दुकानदाराने ते चालवून दाखवले तेव्हा मिठू पडद्यावरचे आकडे बघत होती आणि उस्ताद डोळे मिटून पंख्याचा आवाज ऐकत होते. पहिल्या कार्डाचा पंखा खरखरला, ते बाजूला ठेवले. दुसऱ्याचा सुरळीत फिरला, ते घेतले.

आता सगळे झाले होते आणि हे सगळे ठेवायचे कशात, हे राहिले होते. काचेच्या कॅबिनेटला हात लावण्याइतके पैसे उरले नव्हते. मिठूचा चेहरा पडला. उस्तादांनी मान वर केली आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. मला खाली काढायला लावून त्यांनी बोटाच्या पेराने माझी पाठ वाजवली, जशी बसची बॉडी वाजवून पाहतात तशी. मग कार्ड मावेल की नाही ते सुतळी लावून मापले. ते मावत होते, अगदी बोटभर जागा राखून.

"पत्रा जाड आहे," ते म्हणाले. "धुऊन घेतला की झालं."

कित्येक वर्षांत कोणी माझ्याबद्दल बरा शब्द काढला नव्हता. मी लाजलोही असेन, पण काळ्या रंगावर ते कळत नाही.

घरी गेल्यावर उस्तादांनी मला ब्रशने घासले, फडक्याने कोरडे केले आणि जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरून तिच्यावर आडवे केले. त्या दिवसापासून त्या घरात जेवण टेबलाऐवजी जमिनीवर होऊ लागले. सुरुवातीला डावा हात फक्त माझ्या अंगावर ठेवलेला असे, मी हलू नये म्हणून. मग तो स्क्रू धरायला शिकू लागला. कॉम्प्युटरचे स्क्रू तुम्ही पाहिले आहेत ना? ज्वारीच्या दाण्याएवढे. ते चिमटीत धरायचे म्हणजे धडधाकट माणसाचेही नाकी नऊ येतात. उस्तादांच्या बोटांतून ते सटासट निसटत आणि माझ्या पोटात टुणटुण उड्या मारत. मग मला उलटा करून हलवायचे, स्क्रू शोधायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. कधी कधी अख्ख्या सकाळीत एकच स्क्रू बसे. त्या दिवशी जेवताना उस्ताद दोन घास जास्त जेवत.

मुलगा कामावर जाताना दारात थबकायचा. वडिलांच्या हातातून स्क्रू निसटला की त्याचा हात आपोआप पुढे यायचा. "बाबा, राहू द्या, मी करतो," हे त्याच्या तोंडून इतक्या वेळा निघाले की मिठू त्याला दारातूनच हुसकावून लावू लागली. तो जिना उतरताना पुन्हा एकदा मागे वळून बघायचा. माझी बाजू उघडी होती, त्यामुळे मला दरवाजा नीट दिसायचा.

सगळे भाग ज्याच्यावर बसतात तो मदरबोर्ड बसला. मेमरीच्या पट्ट्या कट्‌ आवाज करून जागेवर बसल्या. प्रोसेसर तर उस्तादांनी श्वास रोखून बसवला. मग आली कूलरची पाळी आणि इथेच घोळ झाला.

कूलरचे बूड आरशासारखे गुळगुळीत होते. त्यावर पातळ, पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेले होते. आता या घराची एक रीत सांगतो. इथे नव्या वस्तूवरचे प्लास्टिक कोणी काढत नाही. टीव्हीचा रिमोट अजून पिशवीत आहे. फ्रीजच्या दारावरचा कागद पिवळा पडला तरी जागेवर आहे. उस्ताद तर नवी बस ताब्यात आली की सीटवरचे प्लास्टिक प्रवाशांनी फाडेपर्यंत राखायचे. मिठू त्या वेळी फोनवर मैत्रिणीशी बोलत गॅलरीत गेली होती. उस्तादांनी प्लास्टिकवरून बोट फिरवले, चरा पडायला नको असे पुटपुटले आणि ते तसेच ठेवून दिले. प्रोसेसरवर उष्णता कूलरकडे नेणारी राखाडी पेस्ट लावली, कूलर बसवला आणि समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळले, चाकाचे नट आवळतात तसे. काम इतके नीट केले होते की मिठूने परत आल्यावर शाबासकी दिली.

मी सारे बघत होतो. ओरडावेसे वाटत होते, पण डब्याला तोंड असते कुठे?

महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी मला उस्तादांच्या खोलीत नेऊन स्टिअरिंग जोडले आणि उस्तादांनी माझे बटण दाबले. पंखे फिरले, पडदा उजळला आणि मिठूने टाळ्या पिटल्या. पंखा जरा जास्तच घोंगावत होता, पण नवीन इंजिन आवाज करणारच, अशी उस्तादांनी तिची समजूत घातली. मुलगा कामावरून नुकताच आला होता. तो पलंगाच्या कडेशी उभा राहिला. गेम सुरू झाला, डेपो दिसला, बस दिसली. उस्तादांनी स्टिअरिंगला हात घातला आणि पडदा काळा झाला. मी बंद पडलो होतो.

पुन्हा लावले, पुन्हा तेच झाले. मिठूची बडबड थांबली, म्हणजे प्रसंग किती वाईट होता ते ओळखा. मुलगा हळू आवाजात म्हणाला की दुकानदाराला बोलावू, तो बघून देईल, यात कमीपणा काही नाही. त्याच्या बोलण्यात विजय नव्हता. त्यालाही वाईट वाटत होते. पण दुकानदार आला असता तर उस्ताद पैज हरले असते आणि सकाळी तो माणूस दारात उभा राहिला असता. हे तिघांनाही ठाऊक होते, चौथ्या मलाही.

"कोणाला बोलवायचं नाही," उस्ताद म्हणाले. "माझी गाडी आहे, मी बघतो."

त्यांनी मिठूला पुन्हा एकदा सुरू करून प्रोसेसरची उष्णता मोठ्याने वाचायला सांगितली. ती वाचू लागली आणि आकडा पायऱ्या चढावा तसा चढत गेला. उस्तादांनी सगळे बंद केले, तार काढली आणि माझ्या पोटात उजवा हात घातला. आधी प्रोसेसरभोवतालच्या बोर्डाला बोट लावले आणि झटकन मागे घेतले. मग कूलरच्या पत्र्यांवर तळवा ठेवला. तो तिथेच राहिला. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या मला खालून दिसत होत्या.

"इंजिन उकळतंय आणि रेडिएटर थंड," ते स्वतःशीच बोलले. "म्हणजे मधे काहीतरी अडलंय."

आणि मग काय अडले असेल, ते त्यांना आठवले.

कूलर काढणे सोपे नव्हते. एका हाताने मनोरा तोलून धरायचा आणि दुसऱ्याने स्क्रू सोडवायचे. डावा हात मनोऱ्याखाली गेला. त्याने मनोरा तोलून धरला. स्क्रू निघाले. कूलर उलटा केला तर पेस्टने माखलेले ते प्लास्टिक तिथे दिमाखात बसलेले. मिठूने आ वासला. उस्तादांनी ओशाळून तिच्याकडे पाहिले आणि उद्या रिमोटचीही पिशवी काढू, असे कबूल केले. मग प्लास्टिकचा कोपरा उजव्या हाताच्या नखाने उचलला. डाव्या हाताने कूलर घट्ट धरून ठेवला आणि प्लास्टिक सोलून निघाले. सगळे पुसून, नवी पेस्ट लावून, पुन्हा स्क्रू बसवता बसवता एक स्क्रू माझ्या पोटात पडलाच. मला उलटे केले, हलवले, शोधला.

या वेळी पंखा शांतपणे फिरू लागला. आकडा थोडा चढला आणि जागच्या जागी थांबला. माझ्या अंगातून गार वारा खेळू लागला. किती वर्षांनी मी असा मोकळा श्वास घेतला, म्हणून सांगू! पण खरी परीक्षा अजून व्हायची होती.

पडद्यावर बस उभी होती. उस्तादांनी क्लच दाबला आणि डावा हात गिअरच्या दांड्याकडे नेला. बोटे दांड्याला लागली, पण मिटली नाहीत. हात घसरला, क्लच सुटला आणि बस आचका देऊन बंद पडली. त्यांनी पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद पडली. मिठूने चाचरत विचारले की गिअर आपोआप पडायची सोय आहे, ती लावू का?

"नको."

मुलगा त्यांच्या मागेच होता. मी पाहिले, त्याचा उजवा हात उचलला गेला, वडिलांच्या खांद्यावरून पुढे आला आणि गिअरपासून वीतभर अंतरावर थांबला. तिथे तो क्षणभर तसाच राहिला. मग त्याने तो मागे घेतला. तो पलंगाच्या कडेवर बसला आणि त्याने आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले.

उस्तादांनी बस परत सुरू केली. या वेळी बोटांच्या नादी न लागता त्यांनी अख्खा तळवा दांड्यावर टेकवला आणि खांद्यातून जोर लावला. खट्‌ आवाज झाला. क्लच सावकाश सुटला. बस हलली, डेपोच्या फाटकातून बाहेर पडली आणि रस्त्याला लागली. पुढे वळण आले तेव्हा दुसरा गिअर पडला, थोडा उशिरा आणि थोडा करकरत, पण पडला. उस्तादांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. मागचा आरसा बघायची जुनी सवय म्हणून त्यांनी मान किंचित वर केली.

"सकाळी येणाऱ्या त्या माणसाला काय सांगणार आहेस?" त्यांनी मागे न वळता विचारले.

"आत्ताच फोन करतो," मुलगा म्हणाला. "गरज नाही म्हणून सांगतो." पण तो फोनला उठला नाही. बस पुढच्या थांब्यावर नीट लागेपर्यंत तो तसाच बसून होता.

मित्रांनो, आता मी त्यांच्या खिडकीपाशी असतो. डावा हात अजून पुरता वळणावर आलेला नाही. बटणे लावायला वेळ लागतो, चहा अर्धा कपच घेतात. पण आता कोणी घाई करत नाही. दर काही दिवसांनी उस्ताद माझी बाजू उघडतात आणि दोन्ही हातांनी धूळ झटकतात.

तुमच्याही टेबलाखाली माझ्यासारखा एखादा असेल. त्याच्यावर पाय ठेवू नका, त्याला भिंतीला चिकटवून कोंडू नका, अधूनमधून उघडून पुसत जा. एवढेच मला माझ्यासाठी मागायचे आहे. दुसरे मागणे माझ्यासाठी नाही. घरात कोणी एखादे काम हळू करत असेल, अडखळत असेल, तर मदतीला धावणारे तुमचे हात थोडा वेळ मांडीखाली दाबून ठेवा. स्क्रू बसवण्यापेक्षा ते अवघड असते. त्या मुलाला ते जमले आणि मगच बस हलली.